रिकाम्या पाण्याचा वारस

तळ्यावर जलपर्णी माजली की पहिली मागणी होते ती काढून टाकण्याची. निविदा निघते, पोकलेन येतो, काठावर हिरव्या-काळ्या चिखलाचे ढीग लागतात आणि वर्तमानपत्रात मोकळ्या पाण्याचा फोटो छापून येतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच जलपर्णी, तेच ढीग, तोच फोटो. पुण्याच्या मुळा-मुठेपासून कोल्हापूरच्या पंचगंगेपर्यंत, जिथे तिला केंदाळ म्हणतात, ही फेरी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती चुकते कुठे हे विचारायचेही राहून जाते. माझ्या मते चूक काढण्याच्या तंत्रात नाही. काढण्याचे मार्ग आपल्याला पुरेसे ठाऊक आहेत. चूक आहे ती फक्त 'हे काढायचे कसे' एवढाच प्रश्न विचारण्यात. ऊन, ऊब आणि अन्न असलेले पाणी कधीच रिकामे राहत नाही. म्हणून तण काढण्याआधी विचारायला हवे ते हे, की ते गेल्यावर त्या जागेचा ताबा कोण घेणार. हा वारस आपण नेमला नाही तर पाणी स्वतःच नेमते, आणि बहुतेक वेळा ती निवड आपल्याला परवडत नाही.

याचा ठसठशीत पुरावा दक्षिण आफ्रिकेत सापडतो. प्रिटोरियाच्या पश्चिमेला हार्टबीस्पोर्ट नावाचे धरण आहे आणि जोहान्सबर्ग परिसराचे सांडपाणी नद्यांवाटे त्यात येऊन मिळते. १९७०च्या दशकात त्याच्या पाण्यावर जलपर्णी मोठ्या प्रमाणात पसरली. १९७७ साली तणनाशके फवारून तिचा जवळजवळ नायनाट करण्यात आला. मोहीम म्हणून ती यशस्वीच म्हणावी लागेल, पण नंतर त्या पाण्यावर मायक्रोसिस्टिस या नीलहरित सूक्ष्मजीवाचे राज्य आले. त्याच्या काही जाती यकृताला अपाय करणारे विष तयार करतात, आणि ते पाणी उकळल्यानेही जात नाही. जलपर्णी निदान हाताने उचलता येते. हा जीव प्रत्येक थेंबात विखुरलेला असतो, त्याला दाताळे लावता येत नाही. अलीकडच्या वर्षांत तिथे कीटक सोडून जलपर्णी आटोक्यात आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा मोकळ्या झालेल्या पाण्यावर साल्व्हिनिया मिनिमा ही तरंगती नेचेवर्गीय वनस्पती फैलावली. धरण तेच आणि सांडपाणीही तेच, बदलत गेला तो फक्त वारस.

असे का होते ते थोड्या हिशेबाने कळते. ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे एका टनात कोरडा भाग साधारण ५० किलो, आणि त्यात फॉस्फरस अर्ध्या टक्क्याच्या आसपास, टनामागे दोनशे-अडीचशे ग्रॅम. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अंदाजे अर्धा किलो फॉस्फरस बाहेर पडतो. धुण्याच्या पावडरीचा वेगळाच. म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या सांडपाण्यावर दोन टन जलपर्णी पोसली जाऊ शकते. हजार वस्तीच्या गावाची गटारे तळ्यात उतरत असतील तर हा आकडा कागदावर दोन हजार टनांवर जातो. प्रत्यक्षात बराच फॉस्फरस गाळात बसतो, काही ओव्हरफ्लोबरोबर वाहून जातो, त्यामुळे एवढे पीक येतेच असे नाही. पण या ढोबळ आकड्यांवरूनही एक गोष्ट उघड होते. पोकलेनने आपण वनस्पती बाहेर काढतो, तिचे अन्न मात्र दररोज आत येतच राहते.

इथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. जलपर्णी पाण्यातले नत्र, फॉस्फरस, काही जड धातूसुद्धा शोषून घेते, मग ती पाणी स्वच्छच करत नाही का? शोषते हे खरे. पण शोषलेले तिच्या अंगात राहते ते ती जिवंत असेपर्यंत. पान कुजले की सगळे पुन्हा पाण्यात, शिवाय कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो तो वेगळा. वनस्पती उचलून तळ्याच्या पाणलोटाबाहेर नेली तरच ती सफाई म्हणायची. नेमके तेच होत नाही. ढीग काठावरच पडून राहतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यातला अर्क पुन्हा तळ्यात उतरतो. जलपर्णीचे खत करा, टोपल्या विणा, गॅस तयार करा या सूचना चांगल्या आहेत, पण शंभर टन माल उचलला तर त्यात ९५ टन पाणीच वाहून न्यायचे असते. कारखान्यांचे पाणी येणाऱ्या तळ्यातली जलपर्णी शेतात घालण्याआधी तिच्यातले धातू तपासणेही आलेच. उपयोग हा उचलण्याच्या खर्चातला थोडा वाटा भरून काढू शकतो. तो नियंत्रणाचा उपाय होत नाही.

मोकळ्या पाण्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि सफाईच्या योजना आखताना तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. चांगल्या हवामानात आणि भरपूर अन्नात जलपर्णी आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. पण गर्दी झाली की हा वेग मंदावतो, कारण रोपे एकमेकांना सावली करतात आणि आडव्या फुटव्यांना पसरायला जागा उरत नाही. आपण नव्वद टक्के जलपर्णी काढतो तेव्हा उरलेल्या दहा टक्क्यांना गर्दीतून सोडवतो. ऊन, जागा, अन्न तिन्ही त्यांना एकदम मिळते. त्यात बिया गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरू शकतात, आणि गाळ उघडा पडून त्यावर ऊन आले की रुजतात. म्हणून एकदाच केलेली जंगी सफाई उरलेल्या रोपांच्या पथ्यावर पडते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. तळ्याचा सोळावा हिस्सा व्यापला असताना कोणाला घाई वाटत नाही, पण तिथून पूर्ण तळे झाकायला चारच दुपटी लागतात, म्हणजे उन्हाळ्यातले एक-दोन महिने. दोन माणसे एका होडीतून जे काम करू शकतात ते करायचे दिवस तेच असतात.

वारस नेमायचा तर आधी तळ्यात कोण कोण आहे ते ओळखता आले पाहिजे. जलपर्णीची साधी ओळख म्हणजे देठाचा फुगीर, स्पंजासारखा भाग आणि जांभळे फूल, ज्याच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. पण दाट गर्दीत देठ लांबलचक होतात आणि फुगा नाहीसा होतो. तेव्हा पाण्याखालची पिसांसारखी, काळपट-जांभळी मुळे पाहावीत. साल्व्हिनियाची दोन पाने तरंगतात आणि तिसरे पाण्याखाली मुळांसारखे लोंबते. त्रासदायक जात ओळखायला पान भिंगाखाली धरावे. त्यावरच्या केसांच्या चार शाखा टोकाला पुन्हा जुळून बारीक पिंजरा तयार झालेला दिसतो, त्यामुळे पान बुडवले तरी ओले होत नाही. पाण्याकाठी वाढणाऱ्या आल्टरनॅन्थेरा या वनस्पतीचे प्रकरण जास्त नाजूक आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जातीचे पांढरे, कागदी फुलगोंडे स्पष्ट दांड्यावर उभे असतात आणि खोड पोकळ असते. आपली कांचरी, जिची भाजी करतात, तिचे गोंडे दांड्याशिवाय थेट पानांच्या बगलेत चिकटलेले असतात. तसेच बेशरमाचे. आयपोमिया कार्निया म्हणजे बेशरम, अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेले, गुरांना विषारी, फांदी तुटून चिखलात पडली तरी मुळे धरणारे. त्याच कुळातली आयपोमिया अक्वाटिका म्हणजे नाळीची भाजी, इथलीच, पाण्यावर सरपटणारी आणि खाण्याजोगी. दोघांची फुले सारखीच कर्ण्याच्या आकाराची. 'सगळे हिरवे काढा' असा हुकूम निघाला की दोन्ही एकाच ट्रॉलीत जातात.

ओळख चुकली तर काय किंमत पडते हे साल्व्हिनियाने शास्त्रज्ञांनाच शिकवले. आफ्रिका, श्रीलंका, केरळ, ऑस्ट्रेलिया इथे माजलेली ही वनस्पती बराच काळ साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा या जातीची समजली गेली आणि त्या जातीवर जगणारे किडे आणून सोडले गेले. त्यांचा उपयोग फारसा झाला नाही. १९७२ साली डी. एस. मिचेल यांनी ती स्वतंत्र जात असल्याचे दाखवून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडायला १९७८ उजाडले. तिथे तिच्यावर जेमतेम दोन मिलिमीटरचा एक सोंडकिडा जगत होता. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या मुंडारा जलाशयात सोडण्यात आला आणि साधारण वर्षभरात तिथली सुमारे १८,००० टन साल्व्हिनिया संपली. गंमत अशी की, आधी सोडून अपयशी ठरलेल्या किड्याहून हा वेगळ्या जातीचा आहे हे नंतर कळले, आणि त्याला सर्टोबॅगस साल्व्हिनिए हे नाव १९८५ मध्ये मिळाले. पुढे तो केरळातही आणला गेला आणि 'आफ्रिकन पायल' म्हणून भातखाचरांना वैताग देणारी ही वनस्पती बऱ्याच अंशी हटली. मात्र केरळातल्याच कुट्टनाड भागातले कालवे आज जलपर्णीने भरतात. किड्याने आपले काम चोख केले. रिकाम्या झालेल्या पाण्याचे पुढे काय, याचे उत्तर देणे त्याच्याकडून अपेक्षितच नव्हते.

जलपर्णीवरचे निओकेटिना सोंडकिडे भारतात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणले गेले आणि बंगळूर परिसरातल्या तलावांत त्यांचा प्रयोग झाला. व्हिक्टोरिया सरोवरात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सोडलेल्या याच किड्यांनी काही वर्षांत जलपर्णी पुष्कळ घटवली. अर्थात त्या काळातल्या वादळी हवेचा आणि पुरांचाही त्यात हात होता. तरीही केनियाच्या बाजूच्या विनाम आखातात, जिथे शहराचे आणि शेतांचे पाणी उतरते, ती परत परत येत राहिली. किड्यांच्या विरोधकांचे म्हणणे असते की ते फार सावकाश काम करतात. खरे आहे, त्यांना स्थिर होऊन परिणाम दाखवायला दोन-चार वर्षे लागतात. पण मधेच पोकलेन लावून सगळी जलपर्णी, म्हणजे किड्यांसकट त्यांचे घर, उचलून नेले की ही वर्षे कधीच पूर्ण होत नाहीत. किडे सोडायचे असतील तर तळ्याचा एक कोपरा दोरखंडाने अडवून त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो.

आता वारस कोण असावा? उथळ तळ्याला दोन स्थिर अवस्था असू शकतात, ही कल्पना डच परिसंस्थातज्ज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास मांडली. एका अवस्थेत तळाशी रुजलेल्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणी निवळ राहते आणि निवळ पाण्यात त्याच वनस्पतींना ऊन मिळते. दुसऱ्या अवस्थेत शेवाळाने गढूळलेल्या पाण्यात तळापर्यंत ऊन पोहोचत नाही, म्हणून तळवनस्पती उगवत नाहीत आणि गाळ ढवळत राहतो. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवतात. म्हणून आपल्याला नेमायचा वारस आहे तो पाण्याखालच्या आणि काठच्या देशी वनस्पतींचा समाज: हायड्रिला, व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी पाने, सेराटोफायलमची दुभागणारी झुपकेदार पाने, वर कुमुद आणि कमळ, काठाला नाळी. हायड्रिलाचे नाव काढताच दचकणारे वाचक असतील, कारण अमेरिकेत तिची गणना सर्वांत उपद्रवी पाणतणांत होते. १९५०च्या दशकात ती फ्लोरिडात शोभेच्या टाक्यांसाठी पोहोचली आणि तिथे मोकाट सुटली. पण हायड्रिला आपल्या भागातली आहे, इथल्या माशांना, पाखरांना, किड्यांना तिची सवय आहे. कोणती वनस्पती तण ठरते हे तिच्या नावावर ठरत नाही, ती कुठे आणि कोणाच्या सोबतीने वाढते यावर ठरते. ग्रासकार्प या गवत्या माशाचा उपाय इथेच फसतो. हा मासा भारतात १९५९ मध्ये आणला गेला आणि पाणतण खाणारा म्हणून त्याची शिफारस होते. त्याला आवडतात त्या मऊ, पाण्याखालच्या वनस्पती, म्हणजे नेमकी हायड्रिला आणि तिच्या सोबतिणी. जलपर्णीचे कडक, हवेतले पान तो सहसा तोंडात घेत नाही. म्हणजे तो वारसालाच खातो आणि घुसखोराला मोकळी जागा करून देतो.

हे सगळे तत्त्व म्हणून ठीक, जमिनीवर जमते का? पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव याचे उत्तर देतात. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेल्या हजारो तलावांचे हे जाळे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पसरले आहे. मालगुजारी, म्हणजे जमीनमहसुलाची जुनी जमीनदारी पद्धत, १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी व्यवस्था मोडली. पात्रात बेशरम माजले, तळच्या वनस्पती विरळ झाल्या, देशी मासे घटले आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या पोटावर पाय आला. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि मनीष राजनकर यांनी ढिवर बायाबापड्यांना बरोबर घेऊन केलेल्या कामाचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट खणून काढायचे, कारण वरून छाटले तर ते दुप्पट जोमाने फुटते. मग उघडा तळ नांगरून भुसभुशीत करायचा. पावसाने पाणी चढले की जवळच्या चांगल्या तलावांतून आणलेली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, कुमुदिनी अशी रोपे खोलीच्या हिशेबाने लावायची. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, कोणती किती पाण्यात तगते, ही माहिती ढिवरांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. ती इथे आराखड्याचा आधार ठरली. अशा तलावांत वनस्पती परतल्या आणि मागोमाग देशी मासे व पाणपक्षीही. तण काढण्याइतकाच वेळ इथे लावण्यावर खर्च झाला, हे मला या कामाचे मर्म वाटते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शहरांतून येतो. खेड्यातल्या तलावात गटार नाही, म्हणून तिथे हे जमले. जिथे रोज हजारो लोकांचे मैलापाणी येते तिथे हायड्रिला लावून काय होणार? हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गढूळ, सडक्या पाण्यात ऊन तळाला पोहोचतच नाही, तिथे लावलेले रोप महिनाभरात मरेल. अशा तळ्यात पहिला खर्च नाल्यावरच करावा लागतो: मैलापाणी वळवणे, ते जमेपर्यंत तोंडाशी गाळकुंड आणि पाणकणसाचा पट्टा राखणे. पण यावरून 'सांडपाणी थांबेपर्यंत काहीच करू नका' असा निष्कर्ष निघत नाही. जलपर्णी संपवता येत नसेल तर तिला दोरखंडाच्या तरंगत्या कुंपणात नाल्याच्या तोंडाशी कोंडता येते, आणि दर काही दिवसांनी थोडी थोडी उपसून पाणलोटाबाहेर नेता येते. तेव्हा ती खरोखर अन्न बाहेर काढते. तणनाशकाने हे साधत नाही. फवारलेली जलपर्णी जागच्या जागी बुडते, कुजते, आणि तिच्या अंगातला सगळा फॉस्फरस हार्टबीस्पोर्टसारखाच पाण्यात परत येतो. एखादी जलवाहिनी किंवा वीजकेंद्राचे तोंड तातडीने मोकळे करायचे असेल तर गोष्ट वेगळी. तळ्यासाठी मात्र तो उपाय मी सुचवणार नाही.

देशी वनस्पतीही माजतात, मग त्यांचे काय, असेही विचारले जाईल. माजतात, विशेषतः पाणकणीस गाळ साठलेल्या कडा गिळत आत सरकते. पण त्यावरचा उपाय अर्धवट कापणीचा आहे, समूळ उच्चाटनाचा नाही. होडीला लागणारी वाट, जाळे टाकायची जागा, घाटासमोरचा पट्टा मोकळा ठेवावा आणि उरलेले राहू द्यावे. कापणी आलटून पालटून एकेका बाजूला करावी, म्हणजे माशांच्या पिलांना आडोसा उरतो. पाणकणीस पाण्याखाली कापले तर खोडात हवा जात नाही आणि ते सहज हटते, ही साधी युक्ती यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

१९३६ मध्ये बंगालने जलपर्णीविरुद्ध खास कायदा केला, १९३७च्या निवडणुकीत तिच्या निर्मूलनाची आश्वासनेही दिली गेली. तरी ती गेली नाही, कारण काढण्याची मोहीम संपल्यावर पाण्याकडे रोज पाहणारा कोणी नेमलेला नव्हता. विदर्भातल्या तलावांत तसा माणूस आधीपासून आहे: मासेमारीचा ठेका घेणारी ढिवरांची सोसायटी. दर आठवड्याला जाळे टाकताना दिसलेले जलपर्णीचे पहिले रोप तिथेच उपटले जाऊ शकते. म्हणून ठेक्याच्या करारात तळवनस्पती राखण्याची अट आणि तिच्या बदल्यात भाड्यात सूट घालावी, ग्रासकार्प सोडण्यावर बंदी घालावी, आणि ठेका निदान पाच वर्षांचा असावा. लावलेली हायड्रिला तळ धरून देशी मासे परतेपर्यंत दोन-तीन पावसाळे जातात, आणि तेवढा काळ थांबायची तयारी पुढच्या वर्षी तलाव आपल्याकडेच असेल याची खात्री असणाऱ्याचीच असते.